प्रभागातला प्रचार मोबाईलवरून करताय? या चुका टाळा

नगरसेवकपदाच्या उमेदवाराकडे आता बॅनरच्या आधी मोबाईलची टीम उभी राहते. तीन-चार पोरं, दोन फोन, एक पेज आणि ढीगभर व्हॉट्सॲप ग्रुप. दिवसरात्र पोस्ट पडत राहतात. तरी मतदानाच्या दिवशी लक्षात येतं की आपल्याच गल्लीतल्या लोकांना बूथ कुठला हे माहीत नाही. बहुतेक वेळा दुखणं एकच असतं. मतदाराला कोणी काही विचारलेलं नसतं आणि त्याने विचारलं तर उत्तर द्यायला कोणी नसतं.

न विचारता ग्रुपमध्ये ओढणं

सोसायटीच्या यादीतून, दुकानाच्या वहीतून, कुणाच्या तरी क्लासच्या एक्सेल शीटमधून नंबर उचलायचे आणि रातोरात ग्रुप काढायचा. सकाळी काहीजण बाहेर पडतात, बाकीचे म्यूट करतात. मतदारयादी सार्वजनिक असते, पण तिच्यात मोबाईल नंबर नसतो. त्यामुळे 'माझा नंबर तुम्हाला दिला कोणी?' हा लोकांचा राग रास्तच आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही 2023 साली झालेला आहे.

उपाय दारातच आहे. मतदार चिठ्ठी द्यायला गेलात की म्हणा, "काकू, हा आमचा नंबर. सेव्ह करून घ्या आणि तुमचं नाव, गल्ली एवढं लिहून पाठवा." पहिला मेसेज त्यांच्याकडून येतो, म्हणजे त्यांची संमती मिळते. शिवाय तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा, मेसेज पोचतो. 'आम्ही सगळ्यांना पाठवलं, कुणाला मिळालंच नाही' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. घाऊक मेसेज पाठवणारी बाजारातली सॉफ्टवेअर तर वापरूच नका. व्हॉट्सॲप असे नंबर बंद करतं. तसं ऐन शेवटच्या आठवड्यात झालं तर सगळी जमवाजमव त्या नंबरासोबत जाते.

घोषणा टाकून थांबणं

'प्रचंड बहुमताने विजयी करा' या पोस्टला मतदार काय उत्तर देणार? खाली हात जोडलेल्या इमोजी येतात, त्याही आपल्याच कार्यकर्त्यांच्या. त्याऐवजी एक साधा प्रश्न टाका: 'तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं?' मग बघा. "रात्री दीडला येतं, अर्धा तास. मोटार लावल्याशिवाय वर चढत नाही." असं लिहिणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलेलं असतं.

खरं काम इथून पुढे आहे आणि बहुतेक टीम इथेच ढेपाळतात. आलेलं प्रत्येक उत्तर गल्लीवार शीटमध्ये उतरवा. त्याच दिवशी उलट मेसेज करा, आणि तो नावानिशी. उमेदवार त्या गल्लीत जाईल तेव्हा ती यादी त्याच्या हातात हवी. जे काम नगरसेवकाच्या अखत्यारीत नाही, ते नाही म्हणून स्पष्ट सांगा. खोटं आश्वासन स्क्रीनशॉट होऊन पाच वर्षं फिरतं. दोन-तीनदा उत्तरं दिलेल्या माणसाला छोटं काम सांगा: "दादा, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं नाव यादीतून गळलंय का, बघाल?" असं काम केलेला माणूस पुढे आपणहून फोन करतो, हे कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारून पाहा.

लाइकला मत समजणं

रीलला हजारो व्ह्यूज आले, पण त्यातले तुमच्या प्रभागातले किती? हा धडा जुना आहे. अमेरिकेत 2003 मध्ये हॉवर्ड डीन यांनी इंटरनेटवरून छोट्या देणग्यांचा आणि स्वयंसेवकांचा एवढा लोंढा उभा केला की राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांना डेमोक्रॅटिक पक्षात आघाडीवर धरलं जात होतं. जानेवारी 2004 मध्ये आयोवा राज्यात प्रत्यक्ष कौल लागला तेव्हा ते केरी आणि एडवर्ड्स या पक्षातल्याच प्रतिस्पर्ध्यांच्या मागे तिसरे आले. बाहेरून स्वयंसेवक मोठ्या संख्येने आले होते, पण कौल आयोवाच्या रहिवाशांनी द्यायचा होता. म्हणून व्ह्यूज मोजण्यापेक्षा मतदारयादीच्या प्रत्येक भागात आपल्याशी बोलती घरं किती, हे मोजा.

चुकीची माहिती हौसेने पसरवणं

'अजून नाव नोंदवा, मत द्या' हा मेसेज स्थानिक निवडणुकीत सर्रास फिरतो. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची मतदारयादी एका ठरलेल्या तारखेची घेतो. अलीकडच्या महापालिका निवडणुकांसाठी ती 1 जुलै 2025 ची होती. त्यानंतर नाव नोंदवलेला मतदार तुमच्या मेसेजवर विसंबून केंद्रावर जातो आणि हात हलवत परत येतो.

मुंबई सोडली तर महापालिकांमध्ये बहुसदस्य प्रभाग आहेत. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. यावर एक मिनिटाचा साधा व्हिडिओ करा. दहा रील्सपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल, असं माझं ठाम मत आहे.

नियम शेवटी बघू म्हणणं

पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवायला, दिलेले पैसे निवडणूक खर्चात धरले जातात. लोकसभा-विधानसभेसाठी केंद्रीय आयोगाने 25 ऑक्टोबर 2013 लाच हे स्पष्ट केलं आहे, आणि मजकूर तयार करणाऱ्या टीमचा पगारही त्यात येतो. जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. या निवडणुकांत मतदान संपण्याच्या 48 तास आधी प्रचार थांबतो. स्थानिक निवडणुकीत ती वेळ राज्य आयोगाच्या आदेशात पाहा. वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट आणि चालू जाहिराती तेव्हा आठवणीने बंद करा. त्या आपोआप सुरू राहतात आणि तक्रार उमेदवारावर होते.

खोट्या क्लिपला क्लिपनेच उत्तर देणं

'ही क्लिप खोटी आहे' असं लिहून तीच क्लिप पुढे पाठवली की ती आणखी शंभर घरांत जाते. क्लिप न जोडता उमेदवाराने स्वतः अर्ध्या मिनिटात खरं काय ते बोलावं. लिंक, वेळ आणि स्क्रीनशॉट यांसह पोलिसांच्या सायबर विभागाकडे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

सगळं फोनमध्येच ठेवणं

यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्राचा पत्ता हे सगळं तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवता, आणि केंद्रात मोबाईल नेऊ देत नाहीत. आजी दारात अडते. आदल्या संध्याकाळच्या मेसेजमध्येच लिहा: 'हे आकडे कागदावर उतरवून घ्या, सोबत मतदार ओळखपत्र किंवा आधार ठेवा, नुसती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही.' ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी कागदी चिठ्ठी घेऊन कार्यकर्ता पाठवा.