उतामारोच्या चित्रांतल्या बायका हाताने रंगवताय? मग या चुका टाळा

माझी पहिली नक्कल कितागावा उतामारो या जपानी चित्रकाराच्या, लाकडी ठशांनी छापलेल्या एका प्रसिद्ध चित्राची होती. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा किमोनो घातलेली मुलगी पोप्पिन, म्हणजे पातळ काचेचं वाजणारं खेळणं, तोंडाशी धरून फुंकते आहे. मूळ छाप साधारण 1792-93 चा. जपानमध्ये बरीच वर्षं राहून आलेल्या एका मावशींना मी ते कौतुकाने दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "छान काढलंयस गं, पण ही गेलेली आहे का?"

झालं असं, की ट्रेसिंग पेपरवर काढलेली पेन्सिल मी पालथी घालून घासली आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं उतरलं. किमोनोची डावी बाजू उजवीवर येते. उजवी डावीवर येते ती फक्त प्रेताला नेसवताना. समोरून पाहताना गळ्याची वरची पट्टी आपल्या उजवीकडून डावीकडे उतरली पाहिजे, रंग लावण्याआधी एवढं एकदा तपासाच. ठशाच्या कामात रेखाटनाचा कागद फळीवर पालथाच चिकटवतात, कारण छापताना तो पुन्हा सुलट होतो. आपल्या हातात ती दुसरी उलट नाही. म्हणून ट्रेसिंगच्या पाठीला पेन्सिल फासून सुलट बाजूने गिरवा, नाहीतर सरळ लाइटबॉक्स, म्हणजे खालून उजेड देणारी पाटी, वापरा.

रेषेच्या बाबतीत बहुतेक जण घसरतात. उतामारोने शाईने रेखाटन केलं, कोरणाऱ्याने ते चेरीच्या लाकडात उतरवलं आणि छापणाऱ्याने रंग दिले. त्यामुळे ती रेषा कुंचल्याची असली तरी सुरीने घासूनपुसून घेतलेली असते. वॉटरप्रूफ पेनने एकाच जाडीची रेषा ओढली की चेहरा लगेच रंगवायच्या पुस्तकातला दिसायला लागतो. लांब केसांचा लायनर ब्रश घ्या आणि नाकाची रेषा एका दमात ओढा. थरथरली तर त्यावर पुन्हा गिरवू नका. कागद बदला.

केसांची कड हा खरा कस. कपाळाशी आणि कानशिलापाशी केसांच्या इतक्या बारीक रेघा असतात की ते काम पूर्वी खास डोकी कोरणाऱ्या कारागिराकडेच जायचं. मी आधी त्वचेकडून केसांकडे रेघा ओढत असे. टोकाला शाईचा ठिपका बसायचा आणि मुलीच्या कपाळावर मुंग्या चढल्यासारख्या दिसायच्या. आता काळा भाग आधी भरते, तो पूर्ण वाळू देते आणि मग काळ्यातून त्वचेकडे, शेवटी ब्रश उचलत रेघ सोडते. शाई अगदी कमी घ्यायची, आणि प्रत्येक रेघेआधी ब्रश टिश्यूवर टेकवायचा.

चेहऱ्याला गुलाबी रंग आणि गालाला सावली देण्याचा मोह आवरा. यातल्या बहुतेक चेहऱ्यांची त्वचा म्हणजे कोरा कागद. कपड्यावरची नक्षीही पुष्कळदा घड्यांबरोबर वळत नाही, सपाट सरळ जाते. तिला तशीच जाऊ द्या. आणि एखाद्या बाईला भुवया नसल्या तर छपाईत राहिल्या असं समजून काढून देऊ नका. लग्न झालेल्या, विशेषतः मूल झालेल्या बायका भुवया काढत आणि दात काळे करत. आपल्याकडच्या पणज्याही दातवण लावायच्याच की!

आता रंगांबद्दल, कारण इथे चूक आपल्या डोळ्यांची असते. स्क्रीनवर जो मातकट, विटका रंग दिसतो तो उतामारोच्या काळचा नाही, नंतरच्या उजेडाने केलेला आहे. तेव्हाचा एक निळा त्सुयुकुसा नावाच्या रानफुलाचा होता, तो लवकर उडतो. तांबडा होता करडईच्या पाकळ्यांचा. आपण करडई तेलासाठी ओळखतो, तिकडे तिच्यातून गुलाबी निघायचा. दोन्ही मिसळून जांभळा व्हायचा आणि उजेडात तो तपकिरीकडे झुकायचा. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी 1921 मध्ये हजारो छाप दिले ते कधीही प्रदर्शनात न मांडण्याच्या अटीवर, म्हणून तिथले जांभळे अजून जांभळे आहेत. नक्कल करताना आधी ठरवा: तेव्हाचं चित्र हवंय की आजचं फिकं झालेलं? दोन्ही चालतील. ताज्या रंगांवर वरून चहाचं पाणी फिरवून 'जुनं' करणं मात्र निव्वळ सोंग.

पोस्टर कलर जाड लावला तर तो कागदावर बसून राहतो. छाप्यात ओलसर कागदावर रंग दाबून धाग्यांत मुरवलेला असतो. म्हणून पातळ रंगाचे दोन-तीन हात द्या. कागद खरखरीत नको. जपानी कागदावर रंग फुटत असेल तर त्याला सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात हवा. त्याला तिकडे 'दोसा' म्हणतात, तव्याशी संबंध नाही.

बाईच्या मागे पार्श्वभूमीला दिसणारी चमक म्हणजे अभ्रक. फोटोत ती राखाडी दिसते, म्हणून लोक राखाडी फासतात, नाहीतर चंदेरी अॅक्रिलिक. अभ्रकाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून लावा, कागद तिरका धरला की फरक कळेल. पांढऱ्या कपड्यावरच्या फिकट रेघासुद्धा रंग नसतात, ती रंग न लावलेल्या ठशाने दाबून उठवलेली नक्षी असते. रंगाआधी कागदाच्या मागून, विणायच्या सुईच्या बोथट टोकाने ती दाबून घ्या.

विकणार असाल तर उतामारोची सही आणि शिक्के चित्राचा भाग म्हणून ठेवायला हरकत नाही, पण मागे स्वतःचं नाव, वर्ष आणि 'हाताने केलेली नक्कल' हे शब्द न पुसणाऱ्या शाईत लिहा. नंतरच्या जपानी छापचित्रकारांपैकी हाशिगुची गोयो 1921 मध्ये वारला, त्याच्या केस विंचरणाऱ्या बाईची नक्कल खुशाल करा. इतो शिन्सुई मात्र 1972 पर्यंत होता आणि आपल्या कायद्यात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. त्याच्या चित्रांतल्या बायका सध्या घरच्या भिंतीवरच राहू द्या.