पवनचक्क्या आणि ग्रीडची फ्रिक्वेन्सी: या चुका टाळा

आखाडात पाटोद्याच्या माळावर वारा सुटतो, पाती दिवसरात्र फिरतात, आणि खाली गावात कुणाची मोटर गुरगुरली की लोक म्हणतात, "पवनचक्क्यांनी फ्रिक्वेन्सी पाडली." इथंच पहिली गल्लत होते. मोटर न उचलणं, बल्ब मंद होणं हा व्होल्टेजचा प्रश्न. तो त्या फीडरपुरता (गावाला वीज आणणाऱ्या लाईनपुरता), त्या डीपीपुरता (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपुरता). फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते तो आकडा, पाटोद्यात आणि पाटण्यात एकच असते. देशभराचं ग्रीड, म्हणजे एकमेकांना जोडलेलं वीजजाळं, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायचं असतं. म्हणून तक्रार आली की आधी डीपीवर तिन्ही फेज मोजा.

खरी महागात पडणारी चूक म्हणजे संरक्षणाची सेटिंग, म्हणजे पवनचक्कीनं कधी स्वतःहून बंद पडायचं ते आकडे, आली तशीच ठेवणं. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळानं लाईनी पडल्या, व्होल्टेजला दोन मिनिटांत सहा झटके बसले. तिथल्या अनेक पवनचक्क्यांमध्ये 'इतके झटके सोसायचे, मग उत्पादन तोडायचं' अशी मर्यादा आधीच भरलेली होती. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट गेले, त्या धक्क्यानं शेजारच्या राज्याशी असलेली जोडणी तुटली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. वारा होता, यंत्रं धडधाकट होती. नडला तो एक आकडा. म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक टर्बाईनची सेटिंग उघडून बघाच. टर्बाईन ट्रिप झाल्यावर, म्हणजे आपोआप बंद पडल्यावर, घाईनं रीसेट मारून मोकळं होण्याची सवय मी जवळून पाहिली आहे. नोंद कुणी वाचत नाही, आणि पुढच्या वेळी वीज कडाडली की तेच घडतं. आधी लॉग उतरवा, मग रीसेट.

"एवढं जड पातं फिरतंय, ते ग्रीडला सावरेलच," हाही गैरसमज. औष्णिक केंद्राचा जनित्र ग्रीडशी थेट बांधलेला असतो, म्हणून फ्रिक्वेन्सी घसरताच त्याच्या फिरण्यातली ऊर्जा आपोआप बाहेर येते. नव्या पवनचक्कीत मध्ये वीज बदलून ग्रीडला देणारा कन्व्हर्टर असतो; अशा वेळी ऊर्जा सोड, असं त्याला सांगावं लागतं. सांगितलं तरी पातं मंदावतं, आणि वेग परत घेताना उत्पादन थोडं खाली जातं. ती तूट भरायला बॅटरी किंवा जलविद्युत तयार हवी.

आणि वेळापत्रक, म्हणजे कधी किती वीज देणार याचा आधी कळवलेला अंदाज. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग असतात. वारा सेकंदाला ८ मीटरवरून ६ वर आला तर वीज निम्म्याहूनही कमी होते, कारण ती वेगाच्या घनावर चालते. त्यात दुरुस्तीला थांबवलेल्या टर्बाईन अंदाजात धरल्या तर चूक दुप्पट. बंद यंत्राची खबर त्याच सकाळी, पहिल्या चहाआधी कळवा.