ऑइल सेपरेटर लावायचाय? आधी या चुका टाळा

"सर, इंजिन तेल फेकून राहिलं, सेपरेटर लावून टाकू का?" नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या हँगरमध्ये हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. सेपरेटर म्हणजे विमानाच्या इंजिनच्या ब्रीदरमधून (आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जाणारं तेल अडवून परत इंजिनात पाठवणारा डबा. माझं उत्तर ठरलेलं आहे: तेल का फेकतंय, ते आधी शोधा.

पहिली चूक डिपस्टिकची, म्हणजे तेलाची पातळी मोजायच्या पट्टीची. लायकॉमिंग ओ-320 या छोट्या विमानांच्या इंजिनच्या संपमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) 8 क्वार्ट, म्हणजे साधारण साडेसात लिटर मावतात, म्हणून नवशिके रोज सकाळी 8 पर्यंत भरतात. वरचे एक-दोन क्वार्ट इंजिन ब्रीदरमधून बाहेर टाकतं आणि मग शांत होतं. मी 6 वर ठेवतो, लांब जायचं असेल तर 7. बऱ्याच विमानांचं पोट (खालची बाजू) एवढ्यानेच स्वच्छ राहतं, पण एवढा धीर धरतो कोण?

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खुपते: सेपरेटर लावून आजार झाकणे. एका खासगी मालकाचं सेसना 172 आमच्याकडे आलं होतं. पोट काळं होतं म्हणून त्यांनी दुसरीकडे सेपरेटर बसवून घेतला होता. पोट चकाचक, मालक खूश. मग पावसाळ्यात विमान उभं राहिलं आणि कोणीतरी सांगितलं म्हणून दर आठवड्याला दहा मिनिटं जमिनीवरच इंजिन चालवणं सुरू झालं. ऑगस्टमध्ये सेपरेटर उघडला, तर आत दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट लगदा. परतीच्या नळीतून तोच इंजिनात उतरत होता.

कॉम्प्रेशन टेस्ट घेतली, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून तो किती दाब धरतो ते बघितलं. 80 पीएसआय (दाबाचं एकक) लावले, तिसऱ्या सिलिंडरने 52 धरले. तेल भरायच्या नळीला कान लावला तर आतून सतत फुसफुस. हाच आवाज एक्झॉस्टमधून आला असता, तर दोष व्हॉल्व्हचा. इथे पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. सिलिंडर उतरवला तेव्हा कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) गंजाचे ठिपके दिसले. ब्लो-बाय (रिंगांमधून वायू निसटणं) वाढल्याची जी खूण रोज पोटावर दिसायला हवी होती, तीच सेपरेटरने पुसून टाकली होती.

ब्रीदरचं काम फक्त दाब सोडण्याचं नाही. रिंगांमधून निसटलेल्या वायूसोबत पाण्याची वाफ आणि आम्लंही बाहेर जायला हवीत. सेपरेटर तेलाचे थेंब अडवतो, पण तिथे थंड होऊन जमलेलं पाणीही त्यांच्यासोबत परत पाठवतो. तेल 82 अंश सेल्सियसपर्यंत तापून तिथे काही वेळ टिकलं, तर ते पाणी उडून जातं. जमिनीवरच्या दहा मिनिटांत ते होत नाही. म्हणून उभ्या राहणाऱ्या विमानाला सेपरेटर लावायला मी सरळ नाही म्हणतो. आणि उडवायचं नसेल, तर इंजिन सुरूच करू नका.

तेलाचा हिशेब न ठेवणं ही आणखी एक चूक. मी प्रत्येक टॉप-अप टॅकच्या (इंजिनचे तास मोजणाऱ्या मीटरच्या) तासांसकट वहीत लिहितो. 160 अश्वशक्तीच्या इंजिनला लायकॉमिंगची मर्यादा तासाला साधारण अर्धा क्वार्ट आहे. तिथपर्यंत पोहोचायची वाट बघू नका, आकडा वाढू लागला की कारण शोधा.

ब्रीदरच्या नळीला काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत एक छोटी खाच असते. नळीचं तोंड गोठलं, तर दाब तिथून सुटतो. सेपरेटर बसवताना ती बुजवू नका. "नागपुरात 45 अंशांत बर्फ कुठला?" असं म्हणणाऱ्यांनी थंडीत खूप उंचावरचं तापमान बघावं. तोंड बंद झालं, तर क्रँकशाफ्टचं (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याचं) पुढचं सील उडतं आणि तेल थेट विंडशील्डवर येतं.

मान्यतेचे कागद आणि एएमईची (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची) सही नसलेला जुगाड विमानाला लावायचाच नाही. यावर मी वाद घालत नाही.

विमान रोज उडतंय, कॉम्प्रेशन चांगलं आहे, पातळी 6 वर आहे आणि तरीही पोट तेलकट होतंय? मग खुशाल लावा. परतीच्या नळीला झोळ राहू देऊ नका. दर 50 तासांच्या ऑइल चेंजला सेपरेटर काढून धुवा, आणि धुण्याआधी बोट फिरवून बघा. बोटाला नुसतं काळं तेल लागलं तर ठीक. दुधाळ काही लागलं, तर त्याच दिवशी कॉम्प्रेशन टेस्ट लावा.