लाडका खेळाडू चुकला, तर भांडायचं कसं

आमच्या घरात हॉकी दोन तऱ्हेची आहे. एक माझी, चर्चगेटच्या टर्फवरची. पाणी मारलेल्या मैदानावर चेंडू सुसाट सुटतो आणि ओले बूट पिशवीत घालून लोकल पकडावी लागते, ती. दुसरी बर्फावरची. भाचा नोकरीसाठी टोरंटोला गेला, त्याने माझ्या लेकीला आइस हॉकीचा नाद लावला आणि लेक हट्टाने एडमंटनच्या संघाची झाली. टोरंटोच्या घड्याळाने संध्याकाळी सातचा सामना म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. परळच्या आमच्या दोन खोल्यांत त्या वेळी ती लाइट न लावता, कानात इअरफोन घालून बसलेली असते.

मी शाळेत पीटी शिकवते. बारा वर्षं शालेय आणि क्लबच्या सामन्यांना अंपायर म्हणूनही उभी राहिले. त्यामुळे घरात खेळावरून जुंपली की शिट्टी माझ्याच गळ्यात येते.

१८ जानेवारी २०२५ चा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी संपला. व्हँकुव्हर ३, एडमंटन २, शेवटचे काही सेकंद उरलेले. एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडला व्हँकुव्हरच्या कॉनर गार्लंडने धरून ठेवलं, बर्फावर दाबलं, तरी शिट्टी नाही. मॅकडेव्हिडचा संयम सुटला आणि त्याने गार्लंडच्या तोंडावर क्रॉस-चेक केला. क्रॉस-चेक म्हणजे दोन्ही हातांत आडवी धरलेली स्टिक समोरच्यावर हाणणं. एनएचएलने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या या आइस हॉकी लीगने, त्याला ३ सामने बाहेर बसवलं. भाचा म्हणाला, ‘गुंडगिरी आहे ही.’ लेक म्हणाली, ‘माणूस आहे तो, किती सहन करेल?’ दीड तास व्हिडिओ कॉल चालला आणि पुढे आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. लहानपणी एका ताटात जेवलेली ही भावंडं. मला ते फार लागलं. तेव्हापासून आमच्याकडे अशा वादाची एक रीत ठरली आहे. कोणत्याही खेळाला चालेल, म्हणून लिहून काढते.

क्लिप आधी आवाज बंद करून बघायची. समालोचक ओरडला की आपलं मत तिथेच बनतं. पहिल्यांदा बघताना खऱ्या वेगात, आणि घटनेच्या निदान दहा सेकंद आधीपासून. फिरणारी क्लिप नेमकी फटक्यापासून सुरू होते. धरून ठेवणं, ढकलणं, कानाशी काहीतरी पुटपुटणं, सगळं आधीच कापून टाकलेलं असतं. स्लो मोशन दुसऱ्या खेपेला, तेही एवढ्यापुरतंच की स्टिक कुठे लागली. हेतू बघायला स्लो मोशन वापरू नका. संथ गतीत प्रत्येक हालचाल मुद्दाम केल्यासारखी दिसते. खेळाडूला विचार करायला जेवढा वेळ मिळालेलाच नव्हता, तेवढा आपण त्याला देऊन बसतो.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. जे दिसलं ते एका वाक्यात कागदावर लिहायचं. खेळाडूचं नाव नाही, संघ नाही, जर्सीचा नंबर नाही. आमच्याकडे सोसायटीच्या मेंटेनन्सच्या जुन्या बिलांची पाठकोरी बाजू यासाठी ठेवलेली आहे. त्या रविवारनंतर मी दोघांना वेगवेगळं लिहायला लावलं. लेकीचं वाक्य होतं: ‘बराच वेळ अन्यायाने दाबून ठेवलेल्या खेळाडूने अखेर स्वतःला सोडवताना स्टिक वर आणली.’ भाच्याने फोटो काढून पाठवलं: ‘हरतोय म्हटल्यावर पिसाळलेल्या स्टारने थेट तोंड फोडायला स्टिक मारली.’ मी लाल पेन घेतलं. ‘अन्यायाने’ खोडलं, ‘अखेर’ खोडलं, ‘पिसाळलेल्या’ खोडलं, ‘फोडायला’ खोडलं. ‘स्टिक वर आणली’ याला गोल केला आणि लेकीला विचारलं, ‘आपोआप वर आली का गं? कोणी आणली? कुठे लागली?’ ती बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली. मग तिनेच लिहिलं: ‘धरून ठेवलेल्या खेळाडूने दोन्ही हातांतली स्टिक समोरच्याच्या तोंडावर मारली.’ भाच्यालाही ‘धरून ठेवलेल्या’ हे शब्द घालावेच लागले, कारण ते क्लिपमध्ये होतं. दोन्ही कागद जवळजवळ सारखे झाले. अर्धं भांडण तिथेच मिटलं.

तुमच्या वाक्यातून विशेषणं काढल्यावर काहीच उरत नसेल, तर तुमच्याकडे मुद्दा नव्हता, राग होता. राग असू द्या, पण तो मुद्दा म्हणून पुढे करू नका.

आता नियम. ज्या खेळाचा वाद, त्याच खेळाची फूटपट्टी लावा. मी स्वतः इथे चुकले आहे. आपल्या हॉकीत ग्रीन कार्डला २ मिनिटं बाहेर, यलो कार्डला कमीत कमी ५ आणि रेडला थेट घरी. अंगाने धडक देणं हाच फाउल. बर्फावर पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, ज्याच्याकडे आहे त्या खेळाडूला खांद्याने धडक देणं हा खेळाचाच भाग आहे, आणि एनएचएलमध्ये हातमोजे टाकून मारामारी केली तरी ५ मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसून खेळाडू परत येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टीव्ही बंद करायला निघाले होते. पण तिथेही स्टिक खेळाडूचीच जबाबदारी असते. चुकून तोंडाला लागली तरी २ मिनिटं, आणि दुखापत झाली, रक्त आलं तर ४. हे कळल्यावर ‘मुद्दाम नव्हतं’ या वाक्याचं वजन बरंच कमी होतं. मुद्दाम नसलं तरी शिक्षा आहेच.

नियमात नसलेल्या गोष्टींचं काय? तिथे खरी कसोटी लागते. १३ एप्रिल २००८ चा प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना, न्यू यॉर्क रेंजर्स विरुद्ध न्यू जर्सी डेव्हिल्स. रेंजर्सचा शॉन एव्हरी पककडे पाठ करून गोलकीपर मार्टिन ब्रोडरच्या तोंडासमोर उभा राहिला आणि हात, स्टिक हवेत नाचवत राहिला. त्याला रोखणारी नेमकी ओळ तेव्हा नियमात नव्हती. दुसऱ्याच दिवशी लीगने खुलासा काढला: असं केलं तर अखिलाडू वर्तनाची पेनल्टी. मालिका संपल्यावर दोन्ही संघ रांगेने हात मिळवतात. ब्रोडरने त्या रांगेत एव्हरीचा हात घेतला नाही. भाचा म्हणतो, ‘मावशी, नियमात नव्हतं म्हणजे चूक नव्हती.’ मला हे पटत नाही. समोरच्याला खेळू न देणं आणि समोरच्यापेक्षा चांगलं खेळणं, यातला फरक कळायला पुस्तक लागत नाही. गल्लीतल्या पोरांनाही तो कळतो, म्हणून तर ती ‘रडीचा डाव’ म्हणतात.

एवढं झालं की नाव परत वाक्यात घाला, आणि घालताना स्वतःकडे लक्ष ठेवा. नाव घातल्यावर मत बदललं का? बदललं असेल तर ते कृतीबद्दलचं मत नव्हतं. जोडीला तशीच कृती करणारा एखादा साधा खेळाडू शोधा. मॅकडेव्हिडच्या वेळी तो शोधावाही लागला नाही. त्याच झटापटीत व्हँकुव्हरच्या टायलर मायर्सने एडमंटनच्या इव्हान बुशार्डला तसाच क्रॉस-चेक केला आणि त्यालाही ३ सामनेच मिळाले. लेकीला मी एवढंच विचारलं, ‘मायर्सला तीन बरोबर वाटतात ना?’ ती गप्प झाली.

‘हा कधी असं करत नाही’ हे वाक्य आलं की आधी पडताळून बघा. मॅकडेव्हिडवर २०१९ मध्येही निक लेडीच्या डोक्याला धडक दिल्याबद्दल २ सामन्यांची बंदी आली होती. म्हणजे ‘कधीच नाही’ खोटं, पण ‘सहा वर्षांत दोनदा’ हे खरं, आणि तेही त्याच्या बाजूने बोलायला पुरेसं आहे. शिक्षा किती द्यावी हे ठरवताना पूर्वेतिहास कामाचा. चूक झाली की नाही, हे मात्र त्याने ठरत नाही.

टोरंटोच्या लोकांचं याबाबतचं दुःख जुनं आहे. २७ मे १९९३, प्लेऑफ, ४-४ बरोबरी, ओव्हरटाइम. लॉस एंजेलिसच्या वेन ग्रेट्झकीची स्टिक टोरंटोच्या डग गिलमोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं. मुख्य रेफरी तेव्हा एकच असायचा. केरी फ्रेझर यांच्या नजरेतून ते निसटलं, पुढे त्यांनी ते कबूलही केलं. ग्रेट्झकी बर्फावरच राहिला आणि काही क्षणांत विजयी गोल त्यानेच मारला. मालिकेचा सातवा, निर्णायक सामनाही लॉस एंजेलिसने जिंकला. हाच ग्रेट्झकी सभ्य खेळासाठी दिली जाणारी लेडी बिंग ट्रॉफी ५ वेळा मिळवलेला. माझा भाचा १९९५ चा, त्याने तो सामना पाहिलेला नाही, तरी ऑफिसातल्यांचं ऐकून ऐकून ती जखम त्याची झाली आहे.

अशा वेळी मी आपल्या घरचं उदाहरण समोर ठेवते. सुनील गावस्कर, फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, चेंडू बॅटला लागलाय अशी त्यांची खात्री, आणि रागाच्या भरात ते चेतन चौहानलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले. मॅनेजर दुराणींनी सीमारेषेवर चौहानना अडवलं म्हणून सामना वाचला, आणि पुढे आपण तो ५९ धावांनी जिंकला. गावस्करांनी नंतर या कृतीबद्दल खेद व्यक्त केला. आमच्या सासऱ्यांना हे सांगितलं की ते अजून म्हणतात, ‘पण बॅट लागली होती गं!’ असेलही लागलेली, नाना. पण मैदान सोडणं चूकच होतं, आणि ज्याने ते केलं त्यालाही ते तसंच वाटलं. आपल्या माणसाच्या बाबतीत हे वाक्य तोंडातून निघालं, तरच परक्याच्या ग्रेट्झकीवर बोलायला बसा.

स्टारला सूट कशी मिळते ते मी आतून पाहिलं आहे. एका आंतरशालेय उपांत्य सामन्यात, नाव नको, गाजलेली एक सेंटर फॉरवर्ड होती. निवड समितीचे लोक तिलाच बघायला आलेले. दुसऱ्या सत्रात तिने चेंडू निघून गेल्यावर समोरच्या डिफेंडरच्या बोटांवर स्टिक मारली. मला स्वच्छ दिसलं. यलो कार्ड खिशातून अर्धं वर आलं आणि मी ते परत आत ढकललं. मनात एवढंच आलं, पोरीचं वर्ष जाईल. डिफेंडरने हात काखेत दाबून धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, ओरडत नव्हती. तिचंही ते वर्षच होतं. सामन्यानंतर मी तिच्याकडे गेले, सॉरी म्हणाले. ती ‘हो मॅडम’ म्हणाली आणि बर्फाची पिशवी बोटांना लावून बसून राहिली. म्हणून वादात एक प्रश्न मी सक्तीचा केला आहे: ज्याला लागलं, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? पोरांना मॅकडेव्हिडचे गोल पाठ होते. गार्लंड कुठल्या जागेवर खेळतो, हे दोघांनाही शोधावं लागलं.

सगळ्यात शेवटी, पुढच्या क्षणांत खेळाडूने काय केलं तेही बघा. हात पुढे केला का, रेफरीवर धावला का, का पडलेल्याकडे वळूनही पाहिलं नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं आणि कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावलं. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांतच गेले होते. टेलर आणि बोथमने १७१ धावा जोडल्या आणि आपण सामना १० गडी राखून हरलो. नाना त्या दिवशी स्टँडमध्ये होते. विश्वनाथने बरोबर केलं की नाही, यावर त्यांचं मत दर दोन वर्षांनी बदलतं, आणि मी ते बदलू देते. खिलाडूवृत्तीची किंमत संघाला मोजावी लागते, हे ज्याने स्टँडमधून पाहिलं त्याला तेवढा हक्क आहे.

गेल्या महिन्यात भाच्याने गिलमोरच्या प्रसंगाचं वाक्य लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला त्यात ‘लुटलं’ होतं. फोनवर आम्ही दोघी थांबून राहिलो, काही बोललो नाही. शेवटी फोटो आला: ‘खेळाडूची स्टिक समोरच्याच्या हनुवटीला लागली, रक्त आलं, शिट्टी वाजली नाही.’ ‘लुटलं’ खोडलेलं होतं, पण वाचता येत होतं. एवढ्याला त्याने सव्वा तास घेतला. लेकीने तो कागद प्रिंट काढून आमच्या बिलांच्या गठ्ठ्यात लावून ठेवला.