मोठ्या संख्येचे अवयव पाडून तिचा प्रकार कसा ओळखावा

१२३४५६५४३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. एवढ्या संख्येचे मूळ अवयव कागदावर सहज पाडता येतात, फक्त क्रम चुकवू नका.

आधी अंकांची बेरीज करा. ती ३६ येते, म्हणून ९ ने भाग जातो. संख्या विषम आहे, त्यामुळे ३६ ने मात्र भाग जात नाही. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे गणिती शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी 'हर्षद' नाव दिले. ही हर्षद नाही.

आता उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ३२१, ६५४, ३४५, १२. नेमकी इथेच चूक होते. आपण लाख-कोटींचे स्वल्पविराम देतो (१२,३४,५६,५४,३२१) आणि त्याच गटांवर ७, ११, १३ आणि ३७ ने भाग जाण्याची कसोटी लावतो. ती तिथे लागू पडत नाही, कारण १००१ = ७×११×१३ (हजार अधिक एक) आणि ९९९ = २७×३७ (हजार वजा एक) ही दोन्ही रूपे हजारावर, म्हणजे तीन अंकांच्या गटांवर, उभी आहेत.

गट आळीपाळीने वजा-अधिक करा: ३२१−६५४+३४५−१२ = ०. म्हणजे १००१ ने, पर्यायाने ७, ११ आणि १३ या तिन्हींनी भाग जातो. भागाकार १२३३३३२१. एकदा भाग गेला म्हणून त्या अवयवांना सोडून देऊ नका, कसोटी पुन्हा लावा: ३२१−३३३+१२ = ०. पुन्हा भागल्यावर उरतात १२३२१.

इथे गटांची बेरीज करा: ३२१+१२ = ३३३, म्हणजे ९×३७. म्हणून ९ आणि ३७ दोन्हींनी भाग जातो. १२३२१÷९ = १३६९, आणि १३६९ = ३७×३७.

एकूण अवयव: ३²×७²×११²×१३²×३७². सगळे घातांक सम, म्हणजे संख्या पूर्ण वर्ग आहे. वर्गमूळ ३×७×११×१३×३७ = ११११११, म्हणजे सहा एक. वेगळे उत्तर येत असेल तर गुणाकार तपासा.