पोराकडं जर्मनीला जायचंय? मग व्हिसाची कागदं अशी लावा

पहिलं म्हणजे एजंट शोधत कोल्हापुरातली शाहूपुरी-राजारामपुरी पालथी घालू नका. फॉर्म ऑनलाइन भरायचा, अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची आणि आईबाबांनी एकदा पुण्याला व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज गोळा करणारी कंपनी) सेंटरवर जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, एवढंच आहे. ठसे काय एजंट देणार नाही आणि व्हिसाची गॅरंटी तर कुणाच्याच हातात नसते.

शेंगेन व्हिसावर (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण तेवढं ताणायचंच कशाला, निकाल एरवी १५ दिवसांत लागतो पण ४५ पर्यंत लांबू शकतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला अपॉइंटमेंटचीच मारामार असते. मे मध्ये जायचं असेल तर संक्रांत झाली की हलायला लागा. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, आणि दोन पानं कोरी.

पोराला सांगायचं काम एकच, पण ते आधी सांगा. तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन त्यानं खर्चाचं अधिकृत हमीपत्र काढायचं. फी २९ युरो, सहा महिने चालतं, आणि मूळ कागद कुरिअरनं इकडं यायला लागतो, व्हॉट्सअपवरचा फोटो नाही चालत. मोठ्या शहरात त्या ऑफिसची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. सोबत त्याचं निमंत्रणाचं पत्र, पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची झेरॉक्स.

आता लोकांना वाटतं हमीपत्र आलं म्हणजे झालं. तसं नाही ओ. फाईल बघणाऱ्याला खरी शंका असते ती म्हणजे ही माणसं परत येणार का. नोकरी किंवा पेन्शनवाल्यांचं सोपं असतं, पगाराची किंवा पेन्शनची स्लिप, इन्कम टॅक्सचं रिटर्न, विषय संपला. शेतकऱ्याची गंमत अशी की सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्याकडंच असतो आणि तोच फाईलला लागत नाही. सातबारा आणि आठ-अ लावा, ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात निघतो, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. बँक स्टेटमेंट तीन महिन्यांचं मागतात पण उसाचा पैसा काय महिन्याला येत नाही, पावसाळ्यात अर्ज केला तर तीन महिन्यांत खात्यावर काहीच दिसत नाही, म्हणून वर्षाचं स्टेटमेंट घ्या, बँकेच्या शिक्क्यासकट, आणि कारखान्याची ऊसबिलं त्याला टाचा. गोकुळला दूध घालत असाल तर दर दहा दिवसांची बिलं म्हणजे पगारासारखीच, ती पण लावा. आणि पाव्हण्यांकडनं चार लाख आणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर टाकायची आयडिया करू नका, ते लगेच डोळ्यावर येतं आणि उत्तर द्यायला तुमच्याकडं काही नसतं.

कव्हर लेटर एकच पान. कोण, कुणाकडं, किती दिवस, खर्च कुणाचा, आणि मागं रान आणि म्हशी कोण बघणार. हसू नका, म्हशी खरंच लिहा. परत येण्याचं याच्यापेक्षा मोठं कारण आपल्याकडं असतंय कुठं.

नावं मात्र चष्मा लावून तपासा. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि बँकेत माहेरचं असली भानगड असेल तर लग्नाचा दाखला जोडाच.

इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना चालणारा, राहायचे सगळे दिवस धरून. तिकीट आधी काढू नका, नुसतं बुकिंग दाखवा. फी ९० युरो, वर सेंटरचा चार्ज, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. प्रीमियम लाउंज घ्या म्हणतील, त्यानं निकालात काडीचा फरक पडत नाही. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या रात्रीच पुण्यात मुक्काम करा, हायवेचं काम सुरू असलं की कुठं किती अडकाल सांगता येत नाही.

नाकारला तर पत्रात कारणापुढं खूण असते, ते कारण मिटवून नवा अर्ज करायचा.

मिळाला तर स्टिकर नीट वाचा. वरच्या दोन तारखा म्हणजे व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालतो ते, आणि प्रत्यक्ष किती दिवस राहायचं तो आकडा वेगळा छापलेला असतो. परतीचं तिकीट त्या आकड्यावर काढा.