यादीत बाई कितव्या नंबरला आहे ते आधी बघा

हुकूमशाहीतून लोकशाहीकडे वळणाऱ्या देशांत बायकांना राजकारणात जागा कशी मिळते, हा विषय घेऊन रिसर्चला किंवा एनजीओत येताय म्हणजे सीडॉ (बायकांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार), बीजिंग १९९५ (जागतिक महिला परिषद), ठराव १३२५ (बायका, शांतता आणि सुरक्षा यावरचा सुरक्षा परिषदेचा ठराव) वगैरे वाचलेलं असणारच, ते परत सांगत बसत नाही. मी जिथे तोंडावर आपटले तेवढंच सांगते, थोडं पाल्हाळ लागेल, पण आठवलं की अजून कान गरम होतात.

माझा थीसिस ट्युनिशियावर होता. २०११ मध्ये तिथे हुकूमशहा बेन अली गेला आणि संविधान सभेची निवडणूक झाली, नियम असा की प्रत्येक यादीत बाई-पुरुष आलटून पालटून. मी हुरळून लिहून टाकलं की राजकारणात निम्मा वाटा मिळाला. गाइडने सहीपण केली! व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "निवडून किती आल्या?" २१७ पैकी ४९. आकडा पाठ होता, पण का ते सांगता येईना.

आता हे नीट समजून घ्या, दोनदा वाचा हवं तर. तिथे मत पूर्ण यादीला, आणि त्या मतदारसंघात पक्षाला जितक्या जागा मिळतील तितकी नावं वरून उचलायची. छोट्या पक्षाला एका ठिकाणी एकच जागा मिळते, म्हणजे पहिलं नाव आत आणि बाकीचे घरी. पहिलं नाव कुणाचं? जवळपास सगळीकडे पुरुषाचं, बाई पहिल्या नंबरला असलेल्या याद्या ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाच पक्षांना एकेक जागा गेली की पाचही पुरुष, आणि नियम कुणीच मोडलेला नाही, दोन नंबरची बाई कायद्याप्रमाणे यादीत आहेच की! एन्नाहदाला एकेका ठिकाणी दोन-तीन-चार जागा मिळाल्या, म्हणून निवडून आलेल्यांत बहुतेक बायका त्यांच्याच. इस्लामी विचारांचा पक्ष, मी त्यालाच मुख्य अडथळा म्हणून रंगवलं होतं. असो.

हे कळल्यावर २०१८ च्या नगरपालिका निवडणुकीत ट्युनिशियाने नियम बदलला, पक्षाच्या निम्म्या याद्यांवर पहिलं नावही बाईचंच हवं. ४७ टक्के नगरसेवक बायका आल्या. बायका त्याच, समाज तोच, फक्त वरचं नाव बदललं.

लिबिया २०१२ तर मी हल्ली सगळ्यांना दाखवते. २०० जागा, ८० पक्षांच्या यादीतून आणि १२० वैयक्तिक उमेदवारांच्या. यादीतून ३२ बायका आल्या, वैयक्तिक जागांवर १. एकच देश, एकच निवडणूक. नेपाळमध्येही २०१७ ला थेट लढतीच्या १६५ जागांपैकी फक्त ६ ठिकाणी बायका जिंकल्या, संविधानातली एक तृतीयांशची अट पुरी करायला मग प्रमाणशीर यादीतून (मतांच्या प्रमाणात पक्षाला मिळणाऱ्या जागांतून) बायका भराव्या लागल्या. तिकीटच दिलं नाही तर जिंकणार कुठून.

म्हणून 'महिला उमेदवारांचं सक्षमीकरण' छापाच्या वर्कशॉपवर माझा राग आहे. मी स्वतः घेतलीत, पगार त्याचाच होता. त्याच बायकांना भाषण कसं करायचं ते चौथ्यांदा शिकवायचं आणि यादी ज्या खोलीत ठरते तिथल्या पुरुषांना कुणी काहीच शिकवायचं नाही. गाइड निवडताना पण बघा, नुसती थिअरी सांगणाऱ्यापेक्षा निवडणूक कायद्याचं कलम उघडून दाखवणारा माणूस मिळाला तर सोडू नका. आणि संसदेत बायका किती टक्के याचं रँकिंग बघून देश निवडू नका प्लीज. रवांडात २००८ मध्ये संसदेत बायका बहुमतात आल्या, जगात पहिल्यांदा, पण तिथे विरोधी पक्षाला श्वास घ्यायला किती जागा आहे ते त्या टक्क्यात दिसत नाही.

घाबरवत नाहीये. माझा थीसिस सहा महिने लांबला, पण पास झाला, आणि हे गणित एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही देशाचा निकाल वाचता येतो, खरंच. फक्त मिळालेलं टिकेल असं धरून लिहू नका. २०२२ ला ट्युनिशियात नवा कायदा आला, याद्या गेल्या, एकेका जागेवर वैयक्तिक लढत, उमेदवारांतली समानता रद्द. गंमत म्हणजे उमेदवारीसाठी ४०० सह्या लागायच्या आणि त्यातल्या निम्म्या बायकांच्याच हव्यात ही अट मात्र होती. निवडून आल्या जेमतेम २५.

सुरुवात करायची तर एका निवडणुकीच्या उमेदवार याद्या मिळवा, पहिली नावं मोजा, मग त्यातल्या किती याद्यांना एकच जागा मिळाली ते मोजा. दोन दिवस जातात, कंटाळा येतो. मी हे थीसिस लिहून झाल्यावर केलं, तुम्ही आधी करा.